टेकडी चढायची आहे? मग आधी उताराचा विचार करा

शहराच्या कडेला असते तसली टेकडी, शंभर ते दोनशे मीटर उंच. खालून बघितली की वाटतं, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ते बरोबरही असतं. घोटाळा एवढाच होतो की पहिल्यांदा जाणारा माणूस सगळा हिशोब माथ्यापर्यंतचाच करतो. खाली येणं त्याने गृहीत धरलेलं असतं. आणि पाय मुरगळतो तो बहुतेकदा उतरताना, अंधार गाठतो तो उतरताना, वाट चुकते ती उतरताना, दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्याही उतारामुळेच. तेव्हा बूट निवडण्यापासून निघायच्या वेळेपर्यंत जे काही ठरवाल, ते उतार डोळ्यांपुढे ठेवून ठरवा.

आधी जिना चढून बघा

इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटर धरला तर १५० मीटरची टेकडी म्हणजे ५० मजले. आकडा ऐकून घाबरू नका. हे ५० मजले जिन्यासारखे एकावर एक येत नाहीत, दीड-दोन किलोमीटरच्या वाटेवर पसरलेले असतात. तरी स्वतःचा अंदाज घ्यायला जिन्यासारखं साधन नाही. लिफ्ट सोडून ४ मजले नेहमीच्या चालीने चढा आणि वर पोचल्या पोचल्या एक लांबलचक वाक्य मोठ्याने बोला. एका दमात पुरं झालं तर टेकडी जमेल. मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला तरी जमेल, फक्त हळू. छातीत दुखलं, दाब आल्यासारखं वाटलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर टेकडी राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा, अलीकडे झालेलं गुडघ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर जिन्याच्याही आधी डॉक्टर.

मग तेच ४ मजले उतरा आणि या वेळी लक्ष गुडघ्यांकडे ठेवा. वाटीच्या आसपास टोचल्यासारखं दुखत असेल तर पहिल्या खेपेला अर्ध्या टेकडीवरून परत फिरायचं ठरवूनच निघा. त्यात कमीपणा काही नाही, आणि अर्धी टेकडी तुम्हाला कुणी विचारायला येणारही नाही.

वजन उतरवायला जाणार असाल तर हिशोब आत्ताच सांगून टाकतो. ६० किलोचा माणूस १५० मीटर वर नेण्याचं निव्वळ काम सुमारे ८८ किलोज्यूल, म्हणजे २१ किलोकॅलरी. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतली साधारण पाव ऊर्जाच कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च चौपट, ८५ च्या आसपास. सपाटीवर चालायला लागते ती ऊर्जा यात वेगळी धरायची. एका टेकडीने वजनकाटा हलत नाही. दम मात्र वाढतो, आणि नेमाने गेलात तर महिन्या-दोन महिन्यांत तोच जिना चढताना ते कळतं.

वाट कुठली, आणि ती कुठे उतरते

शहराजवळच्या टेकडीवर हरवणं अवघड आहे, कारण चहूकडे इमारती दिसत असतात. चुकीच्या बाजूला उतरणं मात्र फार सोपं. अशा टेकडीवर पायवाटांचं जाळं असतं आणि दिसायला सगळ्या सारख्याच. माणसांच्या रोजच्या वावराची वाट मळलेली, पुरेशी रुंद आणि माथ्याच्या रोखाने जाणारी असते. गुरांची वाट बहुतेकदा चढ टाळून टेकडीला आडवी फिरत राहते. तिच्यावर तासभर चाललात तरी उंची मिळत नाही. आणि तिसरी वाट ही वाटच नसते, पावसाच्या पाण्याने खोदलेली घळ असते. वरून ती अगदी सरळ खाली नेणारी, सोयीची दिसते आणि पुढे एखाद्या खडकाच्या कडेला नेऊन सोडते.

मी एकदा माथ्यावरून ‘हीसुद्धा खालीच जातेय की’ एवढ्या भरवशावर वेगळ्या सोंडेने, म्हणजे टेकडीच्या खाली उतरत गेलेल्या दुसऱ्या धारेने, उतरलो. वाट बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणापाशी संपली. परत वर चढायचं त्राण नव्हतं. कुंपणाच्या कडेकडेने, काट्यांतून, कसाबसा रस्त्याला लागलो तर गाडी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. रहदारीच्या कडेने सव्वा तास पायपीट झाली. टेकडीने जितकं दमवलं नव्हतं तितकं त्या डांबरी रस्त्याने दमवलं.

म्हणून पहिल्या खेपेचा नियम साधा ठेवा: ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरा. तेही वाटतं तितकं सोपं नाही. वाट वरून बघताना वेगळीच दिसते. चढताना लक्षात न आलेले फाटे उतरताना समोर येतात. त्यामुळे चढताना प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघा, आणि मागे वळूनच फोटो काढा. उतरताना तुम्हाला तेच दृश्य दिसणार आहे. एखादा वेगळ्या आकाराचा दगड, वाकलेलं झाड, पाण्याची टाकी अशी खूण फोटोत आली तर उत्तम.

घरून निघण्याआधी नकाशा बघा. फोनवरच्या बऱ्याच नकाशांत भूरूपाचा थर सुरू करता येतो. त्यात समोच्चता रेषा दिसतात, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. रेषा जिथे दाटीने आल्या आहेत तिथे चढ खडा, जिथे विरळ तिथे सोपा. पहिल्या खेपेला विरळ बाजूने जा. नकाशाचा तेवढा भाग फोनमध्ये उतरवून ठेवा. मोबाइलची रेंज गेली तरी जीपीएस चालतो, पण नकाशाच उघडला नाही तर नुसता निळा ठिपका बघून काय करणार?

टेकडी वनखात्याची, लष्कराची किंवा खासगी मालकीची असू शकते, आणि येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असू शकतात. पायथ्याच्या फलकावर ते लिहिलेलं असतं. वाचा.

किती वाजता निघायचं

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली वेळेचा एक ठोकताळा सांगितला. डोंगरात चालणारे लोक तो अजून वापरतात. मेट्रिक मापात सांगायचं तर ५ किलोमीटर अंतराला १ तास आणि वर दर १० मीटर चढाईला १ मिनिट. समजा वाट दीड किलोमीटरची आहे आणि चढ १५० मीटरचा. अंतराची १८ मिनिटं, चढाची १५, एकूण ३३. हा ठोकताळा सराईत माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. नवख्याने दीडपट धरावी, म्हणजे ५० मिनिटं. मुलं बरोबर असतील तर दुप्पट.

आता उताराला किती? बहुतेक जण म्हणतात, निम्मा वेळ. मी म्हणतो, पहिल्या खेपेला चढाइतकाच धरा. लवकर पोचलात तर तक्रार कुणाची नाही.

मग घड्याळ उलटं फिरवा. संध्याकाळी जात असाल तर सूर्यास्ताची वेळ बघा आणि सूर्यास्ताला तुम्ही पायथ्याशी असाल असं ठरवा. आमच्यासारख्यांची गफलत इथेच होते, कारण वर बसून सूर्यास्त बघायचा मोह सुटत नाही. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत वाट दिसेल इतका उजेड राहतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात तो अवधी जेमतेम २०-२५ मिनिटांचा असतो. उत्तरेकडच्या देशांत संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो, तिथली सवय इथे चालत नाही. त्यातून तुम्ही टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर असाल तर टेकडीचीच सावली पडून अंधार आणखी आधी येतो. सूर्यास्त बघायचाच असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी हवी. हातात फोनचा टॉर्च धरून उतरणं म्हणजे एक हात आणि फोनची बॅटरी, दोन्ही एकदमच गमावणं.

निघण्याआधी ‘इतके वाजले की जिथे असू तिथून परत’ अशी वेळ ठरवा आणि बरोबरच्यांना सांगा. मनात ठेवलेली वेळ माथा जवळ दिसला की सरकते. चारचौघांत बोललेली सहसा सरकत नाही.

सकाळी जाणं नवख्याला जास्त सोयीचं. ऊन चढायच्या आत उतरता येतं, आणि उशीर झालाच तर उजेड वाढतच जाणार असतो.

पायात काय

महाग ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत. लागतो तो असा बूट, ज्याच्या तळव्याला खोल खाचा आहेत, टाच आत हलत नाही आणि पुढे बोटांना जागा आहे. खाचा झिजून गुळगुळीत झालेले जुने बूट ‘टेकडीवर खराब झाले तरी चालतील’ म्हणून घालू नका. चढताना ते चालून जातात, मुरमाच्या उतारावर मात्र स्केटिंग होतं.

पुढची जागा का, हेही उतारामुळेच. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला बोटं टोकावर आदळतात. मी नेमक्या मापाचे नवे बूट घालून गेलो होतो. खाली आल्यावर अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. ते गेलं, आणि पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तसं लागलं. तेव्हा बूट घेताना जाड मोजे घालून बघा आणि सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते तपासा. नखं आदल्या दिवशी कापा.

कपड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जीन्स नको, गुडघ्यात अडकते आणि भिजली की वाळत नाही. काटे आणि किडे यांच्यासाठी पाय झाकलेले बरे. टोपी घ्या.

पाठीवर काय

पाणी, तासाला अर्धा लिटर या हिशोबाने. उन्हाळ्यात जास्त. निम्मं पाणी उतारासाठी शिल्लक राहिलं पाहिजे, म्हणजे माथ्यावर बाटली रिकामी करून फोटोला उभं राहायचं नाही. थोडं खाणं, क्रेप बँडेज, दोन-चार चिकटपट्ट्या, रोजची औषधं, शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन. एवढं पुरतं. पिशवी दोन्ही खांद्यांवर अडकवायची असावी. हातात बाटली किंवा खांद्यावर लोंबकळणारी झोळी नको. तोल गेला तर हात मोकळे लागतात.

काठी हवी का? चढाला नाही घेतली तरी चालते. गुडघे कुरकुरणारे असतील तर उताराला जरूर घ्या.

घरी कुणाला तरी सांगून निघा: कुठली टेकडी, कुठल्या बाजूने, किती वाजेपर्यंत परत. पहिल्या खेपेला एकट्याने जाऊ नका. हे मी धीटपणाबद्दल बोलत नाहीये. पाय मुरगळला तर खांदा द्यायला दुसरा माणूस लागतो.

चढ: पहिली दहा मिनिटं

पायथ्याशी अंगात जोर असतो, वाट रुंद असते, बरोबरचे उत्साहात असतात. सगळे भराभर निघतात. पाच मिनिटांत घशाला कोरड, छातीत धडधड, पोटऱ्या दगडासारख्या. मग मनात येतं, आपलं वय झालं, आपल्याला हे जमणार नाही. खरं कारण वेगळं असतं. तुम्ही चढाला लागता त्या क्षणी पायांच्या स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मागणीला पुरी पडायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढा वेळ स्नायू उधारीवर चालतात. सुरुवात जितकी वेगात, तितकी उधारी मोठी, आणि ती फेडायला मध्येच उभं राहावं लागतं.

काही जण दम लागण्याचं कारण सांगतात की वर हवा विरळ असते. दीडशे मीटरवर हवेचा दाब जेमतेम दोन टक्क्यांनी कमी होतो. शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. दम लागतो तो घाईने.

तेव्हा पहिली दहा मिनिटं लाज वाटेल इतकं हळू चाला. मागून येणारे पुढे जातील, जाऊ द्या. चाल बरोबर आहे का याची कसोटी एकच: बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येतंय, गाणं मात्र म्हणता येत नाही, ही चाल टेकडीला योग्य. शब्द तुटायला लागले की चाल कमी करा, थांबू नका. हातात नाडी मोजणारं घड्याळ असेल तर २२० वजा वय हा कमाल ठोक्यांचा ढोबळ आकडा. मध्यम श्रम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के. चाळिशीच्या माणसाला ११५ ते १३७. पण हे सूत्र एकेकट्या माणसाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकतं, त्यामुळे घड्याळ आणि बोलणं यांचं भांडण झालं तर मी बोलण्यावर विश्वास ठेवतो.

पावलं लहान टाका. नवखा माणूस उंच दगडावर एकदम पाय टाकून स्वतःला वर ओढतो, आणि प्रत्येक वेळी मांडीवर अख्ख्या शरीराचा भार घेतो. त्याच उंचीला शेजारून दोन लहान पावलं टाकता येतात. तेवढं बघायचं. शक्य तिथे पूर्ण तळवा टेकवा, नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्या आधी दगा देतात. कमरेतून वाकू नका, त्याने छाती दबते. अंग पुढे झुकवायचं ते घोट्यापासून. चढ अगदी अंगावर आला तर सरळ चढण्यापेक्षा नागमोडी जा, पण मळलेल्या वाटेच्या रुंदीतच.

फारच खडी चढण असेल तर डोंगरातल्या जुन्या लोकांची एक युक्ती आहे. प्रत्येक पावलाला मागचा पाय गुडघ्यात क्षणभर सरळ करायचा आणि सगळा भार त्याच्यावर टाकून पुढचा पाय सैल सोडायचा. त्या क्षणी भार हाडांवर जातो आणि मांडीचे स्नायू सुटे होतात. एक पाऊल, एक क्षण विसावा, दुसरं पाऊल. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस झोपेत चालतोय. पण तो थांबत नाही, आणि शेवटी भराभर निघालेल्यांच्या बरोबरीने पोचतो.

थांबायचं झालं तर उभ्यानेच, मिनिट-दोन मिनिटं. बसलात की अंग थंड होतं आणि पुन्हा तीच पहिली दहा मिनिटं नव्याने सुरू करावी लागतात. थांबताना वाटेच्या कडेला व्हा. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा डोंगरातला रिवाज आहे, कारण त्याचा ताल मोडला तर तो परत जमवायला त्रास होतो.

आणि वाटेच्या वळणांमधून आडवे शॉर्टकट मारू नका. पाच मिनिटं वाचतात, पण गवत मरतं, उघड्या पडलेल्या मातीतून पावसाचं पाणी तीच सरळ रेघ धरून धावतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ होते. वर ज्या फसव्या घळी सांगितल्या, त्यातल्या काही अशाच तयार झालेल्या असतात.

माथा

दीडशे मीटरवर तापमान पायथ्यापेक्षा फार तर एक-दीड अंशाने कमी असतं. गारठा वाटतो तो वाऱ्याचा, आणि घामाने भिजलेल्या पाठीचा. वर पोचल्यावर पातळ जॅकेट किंवा कोरडा शर्ट चढवा, मग बसा.

क्षितिज बघा. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर असतं, आसपासच्या जमिनीपासून दीडशे मीटर उंचीवरून ते जवळपास ४४ किलोमीटरवर जातं. मध्ये दुसरे डोंगर आणि धुरकट हवा नसेल तर, अर्थात. थंडीच्या सकाळी, वारा पडलेला असताना गेलात तर शहरावर एक तपकिरी-करडा थर पसरलेला दिसेल, वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. रात्री जमीन थंड होते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि शहराचा धूर त्याखाली कोंडतो. ऊन तापलं की झाकण उठतं. म्हणजे अशा दिवशी सगळ्यात वाईट हवा पायथ्याशी असते आणि तुम्ही तिथेच धापा टाकत निघालेले असता. हळू निघण्याचं हे आणखी एक कारण.

वर दहा-पंधरा मिनिटं पुरे. जो कचरा बरोबर आणला तो बरोबर न्या, फळांच्या सालींसकट. वाळलेल्या गवतात काडी, सिगरेट काही नको. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर फोटो सोडून लगेच उतरायला लागा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण आवाज ऐकू येतोय याचाच अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोचू शकेल इतकी जवळ आहे. एकट्या झाडाखाली, मनोऱ्याजवळ किंवा तारेच्या कुंपणाला लागून थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं माथ्याकडे परत जायचं नाही.

उतार

उतरायला लागण्याआधी खाली बसा आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा. टाच मागे दाबून, घोट्यापाशी घट्ट, बोटांवर सैल. दोन मिनिटांचं काम आहे, नख वाचतं.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू भार पेलत पेलत ताणला जातो, गाडीच्या ब्रेकसारखा. यात दम लागत नाही, म्हणून वाटतं की श्रम नाहीत, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा या ताणण्यानेच होते. पाय थरथरायला लागले की ब्रेक तापलेत असं समजा आणि थांबा. चढताना सगळी ताकद संपवून आलेल्या माणसाचे पाय अर्ध्या उतारातच थरथरायला लागतात, आणि मग गुडघा अचानक सुटतो.

गुडघे किंचित वाकलेले ठेवा. ताठ पायाने टाच आपटत उतरलात तर प्रत्येक दणका थेट गुडघ्यात आणि कमरेत जातो. पावलं चढापेक्षाही लहान. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे रेलू नका. घसरायची भीती वाटली की अंग आपोआप मागे झुकतं, भार पावलांच्या मागे जातो, पाय पुढे सटकतात आणि माणूस बसतो. भार पावलांच्या बरोबर वर हवा, नाक बुटाच्या टोकाच्या सरळ रेषेत आहे असं समजून चाला. सुरुवातीला हे मनाविरुद्ध वाटतं. सोप्या उतारावर दहा-वीस पावलं करून बघा, मग विश्वास बसतो.

घसारा, म्हणजे टणक जमिनीवर पसरलेला सुटा मुरूम, हा टेकडीवरचा खरा शत्रू. खडे पायाखाली छऱ्यांसारखे फिरतात. तिथे वाटेच्या कडेचा खडबडीत दगड किंवा रुजलेलं गवत शोधून पाय टाका, नाहीतर अंग आडवं करून, एक बाजू उताराकडे ठेवून, पाऊल-पाऊल उतरा. वाळलेलं आडवं पडलेलं गवत दिसायला मऊ, पण साबणासारखं. ओल्या खडकावर हिरवा-काळा थर दिसला तर पाय टाकू नका. आधाराला गवताची मूठ धरू नका, ती हातात येते. अवघड जागी बसून उतरायला लाजू नका. पँट मळते, एवढंच.

धावत उतरणारी मुलं दिसतील. ती रोज येतात. आणि फोन खिशात ठेवा. बघायचं असेल तर थांबा, मग बघा. चालता चालता दोन्ही कामं करायला गेलेला एक गडी माझ्यासमोर करवंदाच्या जाळीत गेलाय.

काही बिघडलंच तर

पाय मुरगळला तर लगेच बूट काढू नका. सूज येते आणि मग बूट परत जात नाही. पाच मिनिटं बसा, मग उभं राहून बघा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबलं की कळ येत असेल तर हाड मोडलं असण्याची शक्यता धरून मदत बोलवा. टाकता येत असतील तर क्रेप बँडेज, काठी आणि खांदा घेऊन हळूहळू खाली. घरी पाय उशीवर उंच ठेवून, कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं.

उन्हात डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर सावलीत बसवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मदत बोलवा, पण तोंडात पाणी ओतू नका. छातीत दुखून ते डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल तर ‘थोडंच उरलंय’ म्हणत चालवू नका. तिथेच बसवा आणि फोन लावा. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक जगातल्या बहुतेक मोबाइल नेटवर्कवर लागतो. आपण कुठे आहोत हे सांगता यावं म्हणून फोनमध्ये आपलं स्थान अक्षांश-रेखांशांत कसं बघायचं ते घरीच शिकून घ्या.

कुत्री मागे लागली तर पळू नका. मधमाश्या मागे लागल्या तर तोंड झाकून पळा.

दुसरा दिवस, आणि तिसरा

खाली आल्यावर लगेच गाडीत बसू नका, सपाटीवर पाच-सात मिनिटं चाला. संध्याकाळी अंग अगदी हलकं वाटेल. फसू नका. दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोचतं, आणि सगळ्यात जास्त कळतं ते जिना उतरताना. हे त्या ब्रेकचंच दुखणं. हलकं चालत राहिलं की सैल होतं. एका बाजूचाच गुडघा दुखत असेल, सूज असेल किंवा लघवीचा रंग गडद तपकिरी झाला असेल तर मात्र तो साधा अंगठणका नाही, डॉक्टरांकडे जा.

गंमत म्हणजे हे दुखणं हाच पुढचा विमा असतो. एकदा असं दुखून बरे झालेले स्नायू पुढचे काही आठवडे त्याच उताराला फारसे दुखत नाहीत. म्हणून दुखणं थांबल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत तीच टेकडी, त्याच वाटेने, पुन्हा करा. महिनाभर लोटू दिलात तर हा फायदा विरत जातो. दुसऱ्या खेपेला निघताना पहिल्या वेळचे फाट्यांचे फोटो उघडून बघा. त्यातले निम्मे लागणारच नाहीत, पण एखादा फाटा असा निघतो की फोटो नसता तर आपण कुंपणापाशी गेलो असतो.